शरदिनीबाईंच्या कोळशाच्या पुरचुंड्या

रामघाटावरच्या नेवरेकर गुरुजींच्या घरी कांदा-लसूण शिजत नाही, ही ख्याती पार सांगली-साताऱ्यापर्यंत पोचलेली. काशीला येणारी मराठी माणसं स्टेशनवर उतरायच्या आधीच फोन करत, "गुरुजी, जेवण आपल्याकडेच हं." आणि त्याच घरच्या शरदिनीबाई बत्तीस वर्षं रोज दुपारी दीड वाजता लसणाची चटणी खात आल्या होत्या. आता बोला!

बाईंचं माहेर जळगावचं. तिथेही चातुर्मासात कांदा-लसूण बंद व्हायचा, नाही असं नाही. पण आधी कांदेनवमीला भजी नि भरीत यथेच्छ हाणून चार महिन्यांची बेगमी व्हायची आणि पुढे आठ महिने रान मोकळं. लग्न होऊन बनारसला आल्या तर इथे बाराही महिने चातुर्मास! श्रावणसुद्धा दोनदा. बनारसचं सावन पंधरा दिवस आधी लागतं, आपला श्रावण मागाहून येतो, आणि देवव्रत गुरुजी कुणालाच नाराज नको म्हणून दोन्ही पाळणार. नव्या नवरीनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माहेरून आणलेली चटणीची बाटली ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सारली.

गुरुजी माणूस वाईट नव्हते हो. आवाज खणखणीत, मन स्वच्छ, बायकोच्या नोकरीला कधी नाही म्हटलं नाही. फक्त संयम ह्या विषयावर बोलायची फार हौस. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता. पानात किमाम घालायची सवय होती त्यांना, म्हणजे तो तंबाखूचा काळा, घमघमता लगदा. डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे ते नऊ दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल करून बसल्या, त्याची यादी अजून पुरी फिटलेली नाही. निकाल चांगला आला. दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी रामघाटाच्या पायरीवर उभं राहून हातात पाणी घेतलं, संकल्प सोडला आणि किमामाची डबी गंगेत फेकली. तेव्हापासून प्रत्येक यजमानाला जेवणानंतर ही कथा ऐकावी लागे. "एका क्षणात सोडलं! मनाचा निग्रह पाहिजे!" असं म्हणून गुरुजी मांडीवर थाप मारत. बाई ताक वाढत असत.

बाईंची नोकरी होती मुलींच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून. लसणाला तिच्यासारखी जागा साऱ्या बनारसात नाही. तिथे रोज कुणीतरी सडक्या अंड्यासारखा वास सोडलेला असायचा, त्यात बिचाऱ्या लसणाला कोण विचारतो? दीड वाजता बाई स्टोअररूममध्ये पोळीबरोबर चटणी खात, मग चूळ, बडीशेप, लवंग, आणि पाच वाजता घरी येताना अंगाला गंधही नाही.

लॅबमधल्या सगळ्या वस्तूंत बाईंचा जीव होता तो कोळशावर. करवंटीचा, खास भाजलेला, दाणेदार काळा कोळसा. त्याच्या एकेका दाण्यात इतकी भोकं नि इतक्या गल्ल्या, की आपल्या रामघाटानंही हार मानावी. हवेतला वास त्यात शिरतो आणि भिंतींना चिकटून बसतो. पोरी विचारत, "मैडम, ये सोख लेता है?" बाई म्हणत, "सोखता नहीं बेटा, पकड़ के बैठता है।" आणि पकडलेलं आहे तसंच राहतं, नाहीसं होत नाही. कोळसा तापवला की एकेक पकड सुटते आणि धरलेलं सगळं बाहेर येतं. पुस्तकात त्याला विशोषण म्हणतात. बाई लग्नाच्या पंगतीचा दाखला देत. नुसते जेवायला आलेले पाहुणे हात धुतले की निघतात. आत्या-मावश्या मात्र ठाण मांडून बसतात, त्यांना उठवायला चांगली आंच लागते. कोळशाचंही तेच, हलकं असेल ते आधी सुटतं, जड मागाहून. पोरी हसत आणि परीक्षेत बरोबर लिहीत.

निवृत्तीच्या वेळी सगळ्यांनी विचारलं, भेट काय देऊ? बाई म्हणाल्या, "हा कोळसा अर्धा किलो द्या." लोकांना वाटलं, थट्टा करतायत. शाल-श्रीफळाबरोबर कोळशाची बरणीही दिली आणि पोटभर हसले. थट्टा कसली! चटणीला आता लॅब उरली नव्हती. बाटली घरी आणावी लागणार होती, आणि गुरुजींचं नाक तर असं की शेजारच्या गल्लीत फोडणी पडली तरी ते ह्या गल्लीत खिडकी लावून घेत.

बाटली ठेवली लोखंडी कपाटात. ते कपाट दोघांचं मिळून. वरच्या खणात बाईंच्या लोकरी शाली, खालच्या खणात गुरुजींचे पूजेचे रेशमी कद, उपरणी आणि वीस-पंचवीस वर्षांची जुनी पंचांगं. बाई पंचांगांना हात लावत नसत, गुरुजी शालींना. वर्षानुवर्षांचा अलिखित करार होता तो. दोन खणांच्या मध्ये बाईंनी मलमलच्या चार पुरचुंड्या टांगल्या, प्रत्येकीत मूठ-दोन मूठ कोळसा. गुरुजींनी विचारलं, "हे काय गं?" बाई म्हणाल्या, "दमट हवेनं कद खराब होतात तुमचे, म्हणून." गुरुजी बायकोच्या काळजीनं इतके गहिवरले, की बाईंना स्वतःचीच थोडी लाज वाटली. थोडीच.

वर्ष छान गेलं. दुपारी गुरुजी घाटावर गेले की बाई कपाट उघडत, दोन चमचे चटणी खात, बंद करत. तीन-चार महिन्यांनी कोळशाचं पोट भरे आणि कपाटातून अगदी बारीक वास डोकावू लागे. मग गुरुजी कुठे बाहेरगावी गेले, की बाई पुरचुंड्या सोडून कोळसा गच्चीवर नेत आणि जुन्या कढईत जरा गरम करत. वास निघू लागला रे लागला, की गॅस बंद. फार तापवायची भीती वाटे, शेजारचं नाक वर आलं म्हणजे? तेवढ्यानं लसूण उडून जाई आणि कोळसा पुन्हा कामाला लागे. गंगेकडून वारा असला तर कुणाला पत्ताही लागत नसे.

मग उजाडला श्रावणातला तो बुधवार.

सांगलीच्या सुमेधाताई आपल्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची शांत करायला बारा माणसं घेऊन आल्या होत्या. शांत घरीच, जेवण घरीच. बाईंनी आदल्या संध्याकाळी पुरचुंड्या सोडून कोळसा एका स्टीलच्या डब्यात काढून ठेवला होता. पाहुणे गुरुवारी प्रयागला जाणार, बरोबर गुरुजी जाणार, मग सावकाश गच्चीवर तापवू, असा बेत. डबा राहिला स्वयंपाकघराच्या फळीवर.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे सून हिमानी. मुलगा निमिष लखनौला बँकेत, शनिवार-रविवारी यायचा. हिमानी भेलूपुरातली, माहेर हिंदी बोलणारं, कांदा-लसूण खाणारं. गुरुजींनी लग्नाला होकार दिला तो एकाच अटीवर, की ह्या घरात ती वस्तू येता कामा नये. पोरीनं शब्द दिला आणि पाळला. सहा महिन्यांत मराठी शिकली, पुरणपोळी शिकली, आणि आपण कुठे चुकू नये ह्या धास्तीनं सकाळपासून रात्रीपर्यंत पळत असायची. शरदिनीबाईंना तिच्याकडे पाहिलं की स्वतःचं पहिलं वर्ष आठवे. कितीदा वाटलं, हिला गुपचूप चमचाभर चटणी द्यावी! पण तोंड उघडलं नाही.

पूजा रंगात आली. गुरुजींनी आतल्या दिशेनं हाक दिली, "हिमानी, धुपाटणं आण!" हिमानीनं गोवरीचे निखारे घातले, पण धुपाला लावायचा कोळसा श्रावणाच्या दमटपणानं सर्द झालेला, पेटेचना. इकडे तिकडे पाहते तो फळीवर डबा. आत सुका खडखडीत करवंटीचा कोळसा! सासूबाईंनी आधीच तयारी करून ठेवलीय म्हणून पोरीचा जीव भांड्यात पडला. दोन मुठी निखाऱ्यांवर घातल्या, वरून ऊद टाकला आणि धुपाटणं घेऊन पूजेत गेली.

शरदिनीबाई स्वयंपाकघरात शिरा परतत होत्या. एकाएकी त्यांना लसणाचा वास आला. आधी त्यांना वाटलं, मनाचे खेळ. मग वाटलं, शेजारी फोडणी पडली असेल. मग नजर फळीवर गेली. डब्याचं झाकण उघडं, आणि डबा निम्मा रिकामा. बाईंच्या हातातला कालथा शिऱ्यातच राहिला.

बाहेर मंत्र थांबला होता. बत्तीस वर्षांत नेवरेकर गुरुजींचा मंत्र मध्येच थांबलेला कुणी ऐकला नव्हता. धुपाटण्यातून निळसर धुराची रेघ निघत होती आणि खोलीभर लसूण असा दरवळत होता की जणू लोखंडी तव्यावर तेलात परतलाय. सांगलीकरांपैकी एक जाडगेले जावई डोळे मिटून हळूच म्हणाले, "जेवणाची वेळ झाली वाटतं." बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. सुमेधाताई पदर नाकाला लावून गुरुजींकडे पाहू लागल्या. सांगलीला गेल्यावर काय बोलतील ते सगळं त्यांच्या डोळ्यांत होतं.

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "हिमानी!" ते म्हणाले. "एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. एकच!"

हिमानी धुपाटणं हातात धरून दोन पावलं मागे सरली. "बाबा, मी नाही... सच में, मैंने कुछ नहीं... डब्यात कोळसा होता..." डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शरदिनीबाई दारात उभ्या होत्या. गप्प बसणं किती सोपं होतं! चार दिवस गुरुजी धुसफुसले असते, निमिषनं समजूत काढली असती, प्रकरण मिटलं असतं, आणि बाटली कपाटात सुखानं राहिली असती. पण पोरीच्या नावावर तो डाग कायमचा बसला असता, बाईंना तेही पक्कं माहीत होतं. त्यांनी पदर खोचला, पुढे होऊन धुपाटणं तिच्या हातातून घेतलं आणि चौरंगाशेजारी ठेवलं.

"तिला काही बोलू नका. लसूण माझा आहे."

"काय?"

"माझा. बत्तीस वर्षांचा. कपाटात शालींच्या मागे बाटली आहे, हवी तर आणून दाखवते. वास लपवायला त्या पुरचुंड्या टांगल्या होत्या. तुमच्या कदांसाठी नव्हत्या."

आणि मग गुरुजी सुरू झाले. यजमान समोर होते म्हणून आवाज चढवला नाही, पण जिभेला धार चढली. "बत्तीस वर्षं मी जगाला सांगत आलो, की माझं घर असं आहे, तसं आहे. आणि माझ्या पाठीमागे हे? अगं, जिभेवर एवढाही ताबा नसावा माणसाला? मी नाही सोडला किमाम? तूच होतीस ना पायरीवर उभी? एका क्षणात सोडला! मनाचा निग्रह पाहिजे!"

बाई खाली मान घालून ऐकत होत्या. ऐकण्यासारखंच होतं ते, चूक त्यांची होती. निखारे आता चांगले फुलले होते. धुपाटण्यातला कोळसा कडेनं लाल व्हायला लागला होता. लसूण हळूहळू विरला, आणि त्याच्या मागून कसलातरी दुसरा वास उठू लागला.

आधी वेलदोडा आला. मग केवडा. मग केशर-कस्तुरीसारखं काहीतरी गोडसर, जड. पंच्याहत्तर वर्षांचे सासरे पाटावर ताठ बसले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! गुरुजी, हा धूप कुठला म्हणायचा?"

गुरुजी वाक्याच्या मध्येच थांबले. "ते... ते आधी बाहेर न्या!" ते एकदम ओरडले. "हिमानी, बाहेर ने म्हणतो ना!"

कुणी हललं नाही, कारण शरदिनीबाईंनी हात आडवा धरला होता. त्या केवड्याच्या खाली तंबाखू होता. ह्या वासाशेजारी त्या चोवीस वर्षं झोपल्या होत्या, तो त्यांनी ओळखायचा नाही तर कुणी? आणि कोळशाच्या अंगी खोटं नाही. कपाटात जे होतं तेवढंच त्यानं धरलं होतं. वरच्या खणातलं हलकं होतं, ते गच्चीवर दरवेळी उडून जायचं. खालच्या खणातलं जड होतं, ते वर्षभर मुकाट्यानं साठत राहिलं.

आधी त्यांना हसू यायला हवं होतं. नाही आलं. ते नऊ दिवस पुन्हा समोर उभे राहिले.

"पंचांगांच्या मागे?" त्यांनी हळूच विचारलं.

गुरुजी चौरंगाकडे पाहत राहिले. कान लाल झाले होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

"पूजा पुरी करा," बाई म्हणाल्या. "माणसं लांबून आलीत."

गुरुजींनी पूजा पुरी केली. मंत्र बरोबर म्हटले, आवाज मात्र पाच-सहा सूर खाली उतरला होता. जेवणं झाली. किमामाची कथा त्या दिवशी कुणाला ऐकावी लागली नाही. सुमेधाताई मागच्या अंगणात हात धुवायला आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि कुजबुजल्या, "काकू, ती चटणी... थोडी बांधून द्याल का? आमच्याकडेही चातुर्मास चालू आहे हो, मेला संपतच नाही." बाईंनी पुडी बांधून दिली.

पाहुणे लॉजवर गेले तशी बाईंनी गुरुजींना खिडकीशी बसवलं. हिमानीला मोबाइलचा टॉर्च लावून धरायला सांगितलं.

"आ करा."

"अगं, सुनेसमोर..."

"आ करा म्हणते ना! लसणानं कुणी मरत नाही हो. ह्यानं मरतात." त्यांनी हिमानीचा टॉर्चचा हात आणखी जवळ ओढला. "तुम्हाला काय झालं तर मी कुणाकडे पाहायचं?"

चाळीस वर्षं वेद म्हणणारं ते तोंड गुरुजींनी निमूटपणे उघडलं. उजव्या गालात तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. हिमानीनंही तो पाहिला आणि सासऱ्यांचा हात घट्ट धरला. गुरुवारची प्रयागची फेरी दुसऱ्या पंडितजींवर सोपवली आणि तिघंही डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, धोक्याचं नाही, पण तंबाखूला पुन्हा शिवलात तर मी सांगू शकत नाही. एक महिन्यानं दाखवा.

घरी आल्यावर गुरुजी हातात पाणी घेऊन संकल्प सोडायला निघाले. बाई म्हणाल्या, "पाणी राहू द्या. मागच्या वेळी सोडलं होतं की." त्यांनी उरलेला कोळसा चांगला लालेलाल तापवून स्वच्छ केला, एकच पुरचुंडी बांधली आणि खालच्या खणात, उपरण्यांच्या मधोमध टांगली. चटणीची बाटली न्यायधर्माला धरून घराबाहेर काढली. ती आता गच्चीवर, पत्र्याखालच्या जुन्या हौदात. आणि नियम ठरला, दर सोमवारी पुरचुंडीतला चिमूटभर कोळसा धुपाटण्यावर घालायचा, गुरुजींनी समोर बसायचं.

पहिल्या सोमवारी गुरुजी परीक्षेला बसल्यासारखे बसले. कोळसा तापला. डांबरगोळी निघाली, बाकी काही नाही. दुसऱ्या सोमवारी कापूर निघाला. तिसऱ्या सोमवारी ओल्या छत्रीचा कुबट वास निघाला आणि हिमानीनं टाळ्या वाजवल्या. गुरुजींचा मात्र ह्या काळात जीव मेटाकुटीला आला होता. जेवणानंतर तोंड नुसतं चावत बसायचे, चिडचिड करायचे, बडीशेपेचे बकाणे भरायचे. बाईंना कळत होतं, दया येत होती, पण त्यांनी तसूभर ढील दिली नाही.

चौथ्या सोमवारी निखारा फुलला आणि बाईंनी नाक पुढे केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग हिमानीकडे पाहिलं. हिमानीनं दोन्ही हात वर केले, "आई, गॉड प्रॉमिस, मी नाही!"

गुरुजी छताकडे बघत होते.

बाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत गच्चीचा जिना चढल्या, हौदात डोकावल्या. बाटली निम्म्याहून खाली गेली होती. शेजारी एक चमचा होता, पूजेतल्या पळीसारखा लख्ख धुऊन पालथा ठेवलेला.

खाली आल्या तेव्हा गुरुजी अपराधी तोंड करून तिथेच बसलेले. "किमामाची हुक्की आली की जीव जातो गं," ते म्हणाले. "तोंडाला काहीतरी झणझणीत लागतं. दुसरं काही सुचेना. आणि तोंड पुसायला उपरणंच हाताशी."

"आ करा," शरदिनीबाई म्हणाल्या.

ह्या वेळी गुरुजींनी सुनेची अडचण काढली नाही. बाईंनी टॉर्च धरला. गाल गुलाबी होता, ठिपका जवळजवळ गेला होता, आणि लसणाचा भपकारा असा आला की बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते लसणानं आलं की आणखी कशानं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"बाटली खाली आणून ठेवते," त्या म्हणाल्या. "ह्या वयात जिना चढत जाऊ नका."